आत कोणी आहे का

तिने ताप जोखायच्या, मेणासारख्या खडूची रेघ प्लेटवर ओढली. रेघ तशीच राहिली, कोरडी आणि पांढरी. प्लेट अजून पुरेशी तापली नव्हती. तिने गॅसची ज्योत पुन्हा सांध्याच्या कडेने फिरवायला घेतली आणि गुडघ्याखालचं पोतं पायाने सारखं केलं.

"वितळला खडू?" पोकलेनच्या बकेटच्या तोंडाशी वाकून मिस्त्रींनी विचारलं.

"नाही अजून."

"वितळेपर्यंत थांब. हे साधं लोखंड नाही. थंड प्लेटवर टाका घातलास, तर आज गोड बोलेल आणि उद्या तडकेल."

"माहीत आहे हो मला."

"माहीत आहे तर थांब."

ती थांबली. हे वाक्य तिने नवऱ्याच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. पूर्वी ते ऐकून ती मान उडवायची. आज ते जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता आलं, म्हणून तिला बरं वाटलं. अलीकडे तिला अशाच गोष्टींनी बरं वाटायचं.

ते दगडाच्या खाणीत आले होते. समोरून दगड उपसणारी मोठी पोकलेन होती आणि तिच्या बकेटचा तळ झिजून झिजून इतका पातळ झाला होता, की काही ठिकाणी आरपार उजेड दिसायचा. झिजलेला भाग कापून काढायचा, त्या जागी कडक पोलादाच्या पट्ट्या बसवायच्या, दगडाने सहजासहजी न झिजणाऱ्या. त्याला सगळे हार्ड प्लेट म्हणत. कापाकापी काल झाली होती, पट्ट्या जागच्या जागी अडकवून ठेवल्या होत्या. आज वेल्डिंगचे पक्के टाके घालायचे होते. बकेट मशीनवरून उतरवता आली असती तर बरं झालं असतं, पण तिच्या पिना गंजून इतक्या घट्ट बसल्या होत्या की घणाला दाद देईनात. म्हणून मशीनच्या लोखंडी हाताला लावलेल्या बकेटलाच लाकडी ओंडक्यांचा टेकू दिला होता आणि ती उकिडवी होऊन आत शिरली होती. बकेटचं तोंड केबिनच्या उलट दिशेला, कड्याकडे होतं. केबिनमध्ये बसणाऱ्याला आतलं माणूस दिसण्याची सोय नव्हती.

"काकू, मी जेवून येतो," मशीनचा ऑपरेटर किल्ली खिशात टाकत म्हणाला. "काही लागलं तर हाक मारा. लगेच येतो."

तिशीचा हा माणूस कुठल्याही गोष्टीला 'लगेच' म्हणायचा, म्हणून खाणीत त्याचं नावच 'लगेच' पडलं होतं. लग्नाची तारीख विचारली तेव्हाही तो हेच म्हणाला होता, असं लोक सांगत. ती हसून बरं म्हणाली. त्याचे बूट खडीवरून करकरत लांब गेले.

खडूची रेघ वितळली. पांढऱ्या रेघेचा ओला थेंब झाला. तिने ज्योत बंद केली.

मिस्त्रींनी रॉडचं पुडकं आत सरकवलं. रॉड कोरडे ठेवायच्या छोट्या भट्टीतून नुकतंच काढलेलं, कोमट. त्यांचा हात बकेटच्या ओठावरून आत आला तेव्हा तिने विचारलं, "बॅटरीची केबल काढलीत?"

"काढली."

"नक्की ना?"

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. "अगं, काढली म्हटलं ना. पोरखेळ आहे का हा?"

वेल्डिंग सुरू करण्याआधी मशीनच्या बॅटरीची केबल काढून ठेवायची, हा मिस्त्रींचा कायमचा नेम. ते काम त्यांचं, दुसऱ्या कोणाचं नव्हे. एकदा केबल निघाली की किल्ली कोणीही फिरवो, मशीन मुकी. तिने पुढे काही विचारलं नाही. स्वतः उतरून मागे जायचं, झाकण उघडून बघायचं, म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं की आता तुमच्यावर विश्वास नाही. ते तिच्याच्याने होईना. एवढं एक काम तरी त्यांचं राहू दे, असं तिने ठरवलं होतं.

"मी मागे आहे," मिस्त्री म्हणाले. "ठोकत राहतो."

"जाऊ नका कुठे."

"कुठे जातोय?"

ते बकेटला वळसा घालून मागे गेले. तिने चेहऱ्यावर ढाल ओढली आणि पहिला रॉड टेकवला.

ढालीच्या काळ्या काचेतून फक्त तेवढंच दिसतं, जेवढं जळतंय. एक हिरवट ठिपका आणि त्याच्यामागे थिजत जाणारं लोखंड. बाकी जग नसतंच. त्यात त्यांच्या व्हॅनमधल्या जनरेटरची घरघर, धुराचा वास, मानेवरून ओघळणारा घाम. मिस्त्रींचा एक कान घण मारून मारून कधीच गेला होता आणि दुसराही अर्धाच शिल्लक होता, त्यामुळे हाका मारण्यात अर्थ नसे. म्हणून त्यांनी फार पूर्वीच खूण ठरवली होती. बाहेर थांबलेल्याने अधूनमधून बकेटच्या पाठीवर हातोडीने एकदा ठोकायचं. एक ठोका म्हणजे मी आहे. दोन म्हणजे बाहेर ये. ठोका कानाने ऐकावा लागत नाही. तो गुडघ्यांतून वर येतो.

टक्.

ती एका दमात रॉड संपवायची, टाक्यावर जमलेली खपली हातोडीने झाडायची, ब्रश मारायची, पुढचा रॉड लावायची. मध्येच ठोका यायचा. पूर्वी आत मिस्त्री असत आणि बाहेर ती. त्यांच्याच हाताखाली ती हे काम शिकली. लोकांना सांगायचं कारण एकच होतं, यांच्या डोळ्यांना आता झेपत नाही. ते सगळ्यांना पटायचं. वेल्डरचे डोळे कधीतरी जायचेच.

डोळ्यांना काही झालं नव्हतं. सुरुवात एका संध्याकाळी झाली. मिस्त्री व्हॅन घेऊन निघाले आणि ज्या भाड्याच्या घरात ते पूर्वी राहत, त्याचं दार वाजवत उभे राहिले. तिथल्या बाईने ओळखून फोन केला. मग चहा दोनदा होऊ लागला. मग चहाखाली गॅस तसाच राहू लागला. एकदा तर शेजारच्या घरात वास गेला, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू होतं. हळूहळू म्हणजे किती हळू, ते त्यांनी सांगितलं नाही.

आज निघतानाच मुलीचा फोन आला होता. "आई, बाबांना कामावर नको नेऊस."

"मग घरी एकटं ठेवू?"

"दुसरा माणूस घे ना मदतीला."

"घेतला की दुसऱ्या दिवशी सगळ्या खाणींत बातमी. मग काम कोण देईल?"

 फोनमध्ये मुलीच्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. "मला भीती वाटते गं," ती शेवटी म्हणाली.

"घाबरायचं काय त्यात," असं म्हणून हिने फोन ठेवला होता. ठेवल्यावर बराच वेळ तिला चप्पल सापडत नव्हती. ती पायातच होती.

पहिली पट्टी पूर्ण झाली. तिने ढाल वर केली, तोंड पुसलं. आणि तिच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात ठोका आलेला नाही.

नसेल आला. किंवा आपल्याला कळला नसेल. खपली झाडताना आपलीच हातोडी चालू होती. तिने हातोडी उलटी धरली आणि आतून बकेटच्या पाठीवर एकदा ठोकलं. थांबली. काही नाही. पुन्हा ठोकलं, जरा जोरात. बाहेरून उत्तर आलं.

टक्.

तिने सोडलेला श्वास त्या लोखंडी पेटीत तिलाच मोठ्याने ऐकू आला. "देवा," ती पुटपुटली, आणि स्वतःवरच चिडली. तिथल्या तिथे बसलाय बिचारा माणूस. जरा ऊन लागलं असेल, डुलकी लागली असेल. 

दुसऱ्या पट्टीचा सांधा तापवून तिने ढाल खाली घेतली. रॉड टेकवला. ठिपका पेटला आणि चालू लागला. हात स्थिर होता. हात नेहमीच स्थिर असायचा, मन कुठेही असो. आणि तसंच हात चालू असताना, काही कारण नसताना, तिला मिस्त्रींचा हात दिसला. रॉडचं पुडकं आत सरकवणारा. रुंद, सुरकुतलेला, नखं बारीक कापलेली.

स्वच्छ.

या मशीनची बॅटरी जुनी होती. तिच्या टोकांवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली असायची, केबल काढायची म्हणजे ती बोटांना लागणारच. काढल्यावर मिस्त्री हात दोनदोनदा मातीने चोळत आणि तरी ती नखांत राहायची. जेवताना ती ओरडायची त्यांच्यावर. मघाचा हात स्वच्छ होता. घरून निघताना होता तसा.

रॉडचा ठिपका जरा डळमळला. तिने तो सावरला.

धुतले असतील. पाण्याचा कॅन व्हॅनमध्ये होता. पण ते व्हॅनकडे गेलेले तिने पाहिले नव्हते. गेले असतील, ती प्लेट तापवत होती, तिला कुठे दिसत होतं. एवढा रॉड संपला की उतरायचं. मागे जायचं, काही न बोलता झाकण उघडायचं. रागावले तर रागावू देत. मध्येच सोडला तर सांधा अर्धवट राहील आणि ही प्लेट अर्धवट गोष्टी सहन करत नाही. एवढा रॉड.

रॉड संपलाच नाही. ठिपका अचानक विझला.

ढालीच्या आत पूर्ण अंधार झाला. तिला वाटलं, रॉड चिकटला. मग जाणवलं की घरघर थांबली आहे. तिने ढाल वर केली. जनरेटर बंद पडला होता. डिझेल. सकाळी टाकी भरायची, हेही काम मिस्त्रींचंच.

"अहो!" ती ओरडली. "डिझेल!"

बाहेर काहीच हललं नाही. कड्यावरून खडा घरंगळत आल्याचा आवाज तेवढा आला. इतक्या आवाजानंतर आलेली शांतता तिला आवडली नाही. तिने हातोडीने ठोकलं. दोनदा ठोकलं. मग मोजायचं सोडून ठोकत राहिली.

उत्तर आलं नाही.

प्लेट गार व्हायला नको, म्हणून तिने सवयीने गॅस पेटवला, थोडा वेळ ज्योत सांध्यावरून फिरवली आणि मग ती तिथेच कशीबशी टेकवून ठेवली. ज्योतीचा फरफर आवाज त्या पोकळीत घुमायला लागला, बाहेरचं काही ऐकू येईना. आता उतरायचंच. तिने केबल बाजूला सारली, हातमोजा काढला, बकेटच्या ओठाला हात लावला.

आधी आवाज आला नाही. आधी गुडघ्यांना कळलं. खालचं लोखंड शहारलं, जनावराची पाठ शहारावी तसं. मग ती थरथर तळहातात आली, दातांत आली, आणि मग सगळ्यात शेवटी, मागून, मशीनच्या पोटातून इंजिनाचा आवाज आला.

  ओंडक्यांवरची बकेट हलकेच कुरकुरली. मशीनचा हात वर गेला की ती उचलली जाणार, वळणार, आणि आतली सगळी प्लेट, रॉड, पेटती ज्योत, ती स्वतः, सगळं एका बाजूला कोसळणार. तिने तसं झालेलं एकदा पाहिलं होतं, रिकाम्या बकेटमध्ये एक विसरलेलं घमेलं. घमेल्याचं काय झालं होतं, तेही तिला या क्षणी स्पष्ट आठवलं. तिने गॅसची चावी फिरवली.  बाही कशाला तरी अडकली. तिने ती ओढून फाडली आणि अंग बाहेर झोकून दिलं. खडीवर गुडघ्यांवर पडली.

हॉर्न वाजला. लांब, कर्कश. पुन्हा वाजला. पुन्हा.

ती उठून बकेटला वळसा घालून धावली.

ऑपरेटर 'लगेच' केबिनमध्ये होता. काच उघडून अर्धा बाहेर झुकला होता आणि एका हाताने हॉर्न दाबत खाली ओरडत होता. "काका! ओ मिस्त्रीकाका! उठा की! काय चाललंय?"

मशीनच्या दोन साखळीपट्ट्यांच्या मध्ये, हाताच्या खाली, मिस्त्री खडीवर बसले होते. पाठ बकेटला टेकवलेली, पाय केबिनकडे सरळ लांब केलेले. बकेट इकडे सरकली असती, मशीन पुढे आली असती, हात खाली आला असता, काहीही झालं असतं तरी आधी ते सापडले असते. हातोडी मांडीवर पडली होती. दोन्ही हातांनी त्यांनी शेजारचा ओंडका धरला होता.  हॉर्नच्या प्रत्येक आवाजाला त्यांचं तोंड वाकडं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि तरी ते उठत नव्हते.

ती मशीनसमोर दोन्ही हात वर करून उभी राहिली.

लगेचने तिला पाहिलं. ती कुठून आली ते त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. त्याने इंजिन बंद केलं. मग तो शिडीवरून उतरला, खरं तर घसरलाच, आणि तिच्याजवळ आला. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

"तुम्ही आत होता?"

तिने मान हलवली.

"आई शप्पथ, काकू." त्याला धड बोलता येईना. "जनरेटर बंद ऐकला. मुकादम म्हणाले, झालं वाटतं काम, ड्रिलची गाडी यायचीय, मशीन मागे घे. मी तरी आलो, काकांच्या कानाशी जाऊन विचारलं, आत कोणी आहे का. दोनदा विचारलं. ते म्हणाले, कोणी नाही."

"असं म्हणाले?"

"स्पष्ट. मग म्हटलं, उठा मग इथून. तर उठेनात. मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं मशीन चालू केली, हॉर्न दिला, की उठतील." त्याने खिशातून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात चुरगळला. "ते उठले असते तर मी... काकू, मी हात वर घेतला असता."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. आपण आधार देतोय की घेतोय, हे तिलाच कळलं नाही. मग ती वाकून मशीनच्या हाताखाली शिरली आणि मिस्त्रींच्या समोर खडीवर बसली. त्यांचे हात ओंडक्यावरून सोडवायला तिला एकेक बोट उचलावं लागलं.

"अहो. मी आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. फाटलेल्या बाहीकडे पाहिलं. "कुठे होतीस तू?"

"आत होते. बकेटमध्ये."

"आत?" त्यांनी मान वळवून पाठीमागच्या लोखंडाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आठवायला सगळं बळ लावल्यासारखी. "मला नाही आठवलं. तो पोरगा विचारत होता. मला खरंच आठवेना."

"असू दे."

"मी काय सांगितलं त्याला?"

"असू दे म्हटलं ना."

तिने त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली. विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलंच. "मग उठला का नाहीत? एवढी मशीन चालू झाली, हॉर्न वाजत होता. भीती नाही वाटली?"

"वाटली ना. फार वाटली."  लहान मुलाने पाठ केलेलं काहीतरी जपून म्हणावं तसं मग ते म्हणाले, "उठायचं नाही, एवढं ठाऊक होतं."

"का पण?"

"ते नव्हतं ठाऊक." त्यांनी तिचा हात धरला. "तुला रॉड दिले ना मी? ते देऊन आलो, तेव्हाच बसलो इथे. तेव्हा डोकं जाग्यावर होतं. म्हटलं, कोणीतरी येईल, मला विचारेल. त्या वेळी मी काय सांगेन, याचा मला भरवसा नाही. तोंडाचा भरवसा नाही, पायांचा तरी ठेवू. इथे माणूस बसलेलं दिसलं तर मशीन कोण हलवेल?" मग त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "बरोबर केलं ना?"

 तिने मान खाली घातली आणि त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली. गाठ बसायला फार वेळ लागला.

मुकादम धावत आले होते. जाडजूड माणूस, धाप लागलेली. "काय झालं? हॉर्न कशाला एवढा?"

लगेचने तिच्याकडे पाहिलं, मग मुकादमांकडे. "काही नाही, साहेब. हॉर्न अडकला होता."

त्याने स्वतःसाठी सांगितलं की तिच्यासाठी, कोण जाणे. बहुधा दोघांसाठी. हो म्हणून गप्प बसलं असतं तर ते तिथंच मिटलं असतं. ती मशीनच्या हाताखालून बाहेर आली.

"हॉर्न अडकला नव्हता," ती म्हणाली. "मी आत होते आणि मशीन चालू झाली. या पोराची चूक नाही. त्याने विचारलं होतं. यांनी सांगितलं, आत कोणी नाही. यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, मुकादम. यांना आठवत नाही हल्ली. मी लपवलं."

 मुकादम मिस्त्रींना फार वर्षं ओळखत होते. खाली वाकून त्यांनी मशीनच्या हाताखाली पाहिलं. मिस्त्रींनी त्यांना ओळखीचं हसून दाखवलं, पण नाव घेतलं नाही.

"केबल?" मुकादमांनी विचारलं.

तिने मागे जाऊन झाकण उघडलं. केबल जागेवर होती, घट्ट. तिने पाना लावून ती स्वतः काढली आणि टोकाला चिंधी गुंडाळून बाजूला ठेवली. मुकादम मागे उभे राहून बघत होते. 'तुम्हाला कळत कसं नाही,' असं काहीतरी ते बोलणार, म्हणून ती वाट बघत होती. ते बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

"राहिलं किती आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दीड पट्टी. पुन्हा तापवावी लागेल."

"मग पुरं करा. ड्रिलची गाडी थांबेल." ते जायला वळले आणि थांबले. "पुढच्या कामाचं मी बघतो काय करता येतं ते. आज काही बोलत नाही. पण वहिनी, बाहेर थांबणार कोण?"

एरवी 'लगेच' अशा वेळी काय म्हणायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो काहीच म्हणाला नाही. मिस्त्रींची हातोडी उचलून बकेटच्या पाठीशी जाऊन उभा राहिला, आणि किल्ली तिच्या हातात दिली.

मिस्त्रींना तिने व्हॅनच्या सावलीत बसवलं. पाणी दिलं. ते मुकाट्याने बसले. ती पुन्हा आत शिरली, प्लेट तापवली, टाके घातले. 'लगेच' ठोकत राहिला, गरजेपेक्षा फार जास्त, जवळजवळ न थांबता, आणि तिने त्याला थांब म्हटलं नाही. टाका एकदाही डळमळला नाही. तिला कसलीच भीती वाटली नाही. आतून सगळं गोठल्यासारखं, सुन्न झालं होतं.

काम आवरून ते निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. व्हॅन ती चालवत होती. खाणीचा कच्चा रस्ता संपला, डांबरी लागला. दोन्ही बाजूंना मोकळी शेतं होती, वाहनं तुरळक. मिस्त्री खिडकीतून बाहेर पाहत होते.

"काम झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"प्लेट तापवली होतीस ना नीट?"

"हो."

 मग जरा संकोचून, परक्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी होतो ना तिथे?"

"होतात," ती म्हणाली. "तुम्हीच तर होतात."

आणि तिथेच, सरळ मोकळ्या रस्त्यावर, तिचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग कोपरापर्यंत. स्टिअरिंग धरवेना. समोरचा रस्ता पाण्यात पाहिल्यासारखा हलला. तिने कशीबशी व्हॅन कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. व्हॅन उतारावर होती, ती हळूच पुढे सरकायला लागली. तिला ते कळलंही नाही.

मिस्त्रींनी काहीही न विचारता हात पुढे केला आणि हँडब्रेक ओढला.